डीगनच्या पट्ट्या: शिकागो ते एल्कहार्ट

झायलोफोन, मरिम्बा आणि व्हायब्राफोन ही पट्ट्यांची वाद्यं. लाकडाच्या किंवा धातूच्या पट्ट्या पियानोच्या काळ्या-पांढऱ्यांच्या क्रमाने दोन ओळींत मांडलेल्या, प्रत्येकीच्या खाली तिची स्वतःची नळी, आणि वाजवायला हातात मॅलेट, म्हणजे टोकाला गोळा असलेली काठी. आपल्या काष्ठतरंगाची ही लांबची भावंडं. त्यांची मुळं आफ्रिकेत, आग्नेय आशियात, ग्वाटेमालात सापडतात. पण आज कॉन्सर्टच्या मंचावर दिसणारं रूप मुख्यतः अमेरिकेत इलिनॉय आणि इंडियाना या शेजारी राज्यांत घडलं, विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीसेक वर्षांत. त्या काळातली वाद्यं आता थोडी उरली आहेत. त्यांच्यामागे संग्राहक असतात आणि वादकही असतात, पण दोघांना हवं असतं ते एकच नसतं.

पुण्यातल्या आमच्या छोट्या वाद्यवृंदासाठी शिकागोच्या डीगन कंपनीचा १९२०च्या दशकातला एक झायलोफोन घ्यायचं घाटत होतं. वाद्य इंडियानातल्या एल्कहार्ट गावाजवळच्या एका कारागिराकडे होतं. असलं वाद्य कानांनी ऐकल्याशिवाय, पट्टी हातात घेतल्याशिवाय घेऊ नये या मताची मी आहे. दादा-वहिनी शिकागोजवळ शॉमबर्गला राहतात, त्यामुळे उतरायची सोय होती. ऑक्टोबर धरला आणि निघाले.

गुरुवार

सकाळी ब्राऊन लाइनने अर्व्हिंग पार्क स्टेशनला उतरले आणि रेव्हन्सवूडच्या दिशेने उत्तरेला चालत गेले. रेल्वेचे रूळ तिथे उंच भरावावरून जातात आणि भरावाच्या दोन्ही अंगांना जुन्या कारखान्यांच्या विटांच्या इमारती आहेत. बर्टो अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा दिसला. हाच तो जे. सी. डीगन कंपनीचा १९१२ सालचा कारखाना. आता इथे वाद्यं बनत नाहीत, तरी मी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभी होते. ज्या पट्ट्यांचा आवाज मी इतकी वर्षं रेकॉर्डिंगमधून ऐकला, त्यातल्या कितीतरी या भिंतींच्या आत सुरात आणल्या गेल्या.

जॉन कॅल्हून डीगन हे मुळात क्लॅरिनेटवादक. त्या काळी ग्लॉकेनस्पीलच्या (छोट्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या) पट्ट्या बऱ्याचदा कणसूर असत, आणि ते त्यांच्या कानाला सोसेना. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं ध्वनिशास्त्र त्यांनी मनावर घेतलं आणि १८८०च्या सुमारास पट्ट्या अचूक सुरात आणायच्या कामाला लागले. पुढे कारखाना शिकागोला आला आणि त्यातून झायलोफोन, मरिम्बा, ऑर्केस्ट्राच्या घंटा, चर्चच्या मनोऱ्यांतले नळ्यांचे घंटासंच असं सगळं बाहेर पडू लागलं. अमेरिकन रेडिओवर एनबीसी या प्रसारण कंपनीची तीन सुरांची ओळखधून सुरुवातीला हाताने वाजवली जायची, तीही डीगनच्याच छोट्या घंटासंचावर.

वादकांच्या दृष्टीने मात्र डीगन यांचं सगळ्यात मोठं काम वेगळं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत सगळ्यांचा मिळून एक सूर नव्हता. कुठे मध्यसप्तकातला ए हा सूर सेकंदाला ४३५ कंपनांचा, कुठे ४४०चा, तर बँडवाल्यांचा त्याहून बराच चढा, ४५०च्याही पुढे. व्हायोलिन, क्लॅरिनेट थोडं खालीवर करून जुळवता येतं. पट्टीचं तसं नाही, ती कारखान्यातून निघते त्याच सुरात जन्मभर राहते. म्हणून ए म्हणजे ४४० हे सगळ्यांनी मान्य करावं असा आग्रह डीगन यांनी वादकांच्या राष्ट्रीय संघटनेकडे धरला, आणि तो मान्य झाला. जुन्या डीगन पट्ट्यांवर ए-४४० असा ठसा दिसतो तो यामुळे. जुनं वाद्य घेणाऱ्याने सर्वांत आधी तो ठसा शोधावा. कंपनीचं नाव, फ्रेमवरची नक्षी, पितळेची चमक, सगळं त्यानंतर.

शुक्रवार

आजचा दिवस एका संग्राहकाच्या घरी गेला. नाव-गाव लिहू नये असं त्यांनीच सांगितलंय. तळघरात शिरल्यावर पहिल्यांदा थंड, कोरडी हवा जाणवली. लाकडासाठी आर्द्रता वर्षभर सारखी ठेवतात. मग नजर गेली ती भिंतीलगत उभ्या असलेल्या नळ्यांच्या रांगांकडे.

त्यांनी आधी १९००च्या आसपासचा एक ग्लॉकेनस्पील काढला. दिसायला अगदी सुबक, पेटीसकट शाबूत. मी पांढरी एक वाजवली, तर सूर उमटला काळी एकच्या किंचित अलीकडचा. हे ‘हाय पिच’ वाद्य. संग्राहकाच्या लेखी हा त्या काळाचा अस्सल पुरावा आणि म्हणून मोलाचा. वादकाला मात्र ते आजच्या कुठल्याही पियानोबरोबर वाजवता येणार नाही. विकणारे हा फरक नेहमी सांगतातच असं नाही.

मग त्यांनी ज्यावरचं कापड बाजूला केलं, त्याच्याबद्दल मी फक्त वाचलं होतं: डीगनचा स्टील मरिम्बाफोन. मॅलेटने वाजतोच, पण पट्ट्यांची अख्खी ओळ फिरवून उभी करता येते आणि मग तिच्यावर व्हायोलिनचा बो चालतो. त्यासाठी पट्टीचं टोक सरळ कापलेलं नाही. त्याला आत वळणारी हलकी खोबण आहे, बो घसरून जाऊ नये म्हणून. मी बोट फिरवून पाहिलं, कड कुठेही बोचत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी त्यावर फार काळजीपूर्वक कानस चालवली आहे. त्यांनी बो हातात दिला. पहिल्यांदा दाब जास्त पडला आणि नुसती घरघर आली. मग हात सैल सोडून, सारंगीवर सावकाश आलाप घेतात त्या गतीने बो ओढला, आणि पट्टी बोलू लागली. सुरुवात कुठे झाली ते कळतच नाही, सूर हळूहळू भरत जातो. बो उचलल्यावरही आस किती वेळ रेंगाळते! वहिनी माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांचा संगीताशी फारसा संबंध नाही, पण पुन्हा वाजव असं दोनदा म्हणाल्या.

पर्सी ग्रेंजर या ऑस्ट्रेलियन संगीतकाराला डीगनच्या या नव्या वाद्यांनी वेड लावलं होतं. १९१६च्या ‘इन अ नटशेल’ या त्याच्या रचनेत स्टील मरिम्बाफोन आहे आणि नाबिम्बाही आहे. नाबिम्बा म्हणजे नळ्यांना पातळ पडदे लावलेला मरिम्बा. त्याच्या आवाजाला ग्वाटेमालातल्या मरिम्ब्याची झणझण येते, आपण जिला जवारी म्हणतो तिच्याच जातीची. आज ही रचना मूळ रूपात वाजवायची तर वाद्यं संग्राहकांकडूनच मागावी लागतात. हे लोक नसते तर ही वाद्यं भंगारात गेली असती, हे मान्य करायलाच हवं. पण कापडाखाली झाकून ठेवलेलं वाद्य कधीतरी वादकाच्या हाती द्यायलाही हवं. यांनी ते दिलं, म्हणून त्यांचे मनापासून आभार मानले.

निघताना डीगनचा जुना व्हायब्राहार्प पाहिला. व्हायब्राफोन हे नाव लीडी या इंडियानापोलिसच्या कंपनीचं, म्हणून डीगनने आपल्या वाद्याला व्हायब्राहार्प म्हटलं. नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या बसवायची कल्पना लीडीकडच्या हर्मन विंटरहॉफची. १९२७मध्ये डीगनच्या हेन्री श्लुटरने पोलादी पट्ट्या काढून अॅल्युमिनियमच्या घातल्या आणि आस थांबवायला पायाचं पेडल दिलं. आजचा प्रत्येक व्हायब्राफोन त्याच आराखड्यावर उभा आहे. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत हा आवाज पोचवणाऱ्यांत लॉर्ड हे पारशी कुटुंब पुढे होतं: वडील कावस, मुलगे केरसी आणि बुजी. केरसींचं ग्लॉकेनस्पील आणि बुजींचा व्हायब्राफोन ऐकतच माझी पिढी वाढली. लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या त्या आवाजामागची यंत्रणा इथे उघडी करून बघायला मिळाली.

शनिवार

तलावाकाठी गेलो. अॅडलर प्लॅनेटेरियमच्या खालच्या अंगाला नॉर्दर्ली आयलंड आहे. मिशिगन तलाव इतका अफाट की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि वारा असा की टोपी धरून चालावं लागतं. १९३३चं ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ हे जागतिक प्रदर्शन याच किनाऱ्यावर भरलं होतं. त्यासाठी क्लेअर ओमर मसर या वादकाने शंभर मरिम्बांचा वाद्यवृंद उभा केला. शंभर मरिम्बा एकत्र! आज एका शहरात दहा गोळा करणंही कठीण.

दोन वर्षांनी मसर यांनी त्याहून मोठा घाट घातला. राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव १९३५मध्ये होता. (१९११मध्ये ज्यांच्या मुंबईभेटीची आठवण म्हणून आपलं गेटवे ऑफ इंडिया बांधलं, तेच हे राजे.) त्यानिमित्त लंडनला वाजवायला शंभर वादकांचा इंटरनॅशनल मरिम्बा सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवला आणि डीगनकडून खास ‘किंग जॉर्ज’ मरिम्बा बनवून घेतले. वादक जहाजाने युरोपला गेले. पण परदेशी वादकांवर ब्रिटनमध्ये निर्बंध होते आणि ज्या कार्यक्रमासाठी हे सगळं केलं तो झालाच नाही. पॅरिसमध्ये वाजवून ते परतले आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं. पुन्हा असे मरिम्बा बनले नाहीत. आज एखादा ‘किंग जॉर्ज’ विक्रीला आला की त्याची बातमी होते.

मला या कथेत कौतुक वाटतं ते शंभर या आकड्याचं नाही. तोवर मरिम्बा म्हणजे नाटकमंडळ्यांतला, करमणुकीचा प्रकार. सिम्फनीचं संगीत त्यावर वाजू शकतं, हे हजारो लोकांना कानांनी ऐकवून पटवायचं, यासाठी मसर यांनी सगळं पणाला लावलं. पुढे ते इव्हान्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मरिम्बा शिकवत, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःची कंपनी काढली. अशनींच्या धातूपासूनही त्यांनी पट्ट्यांचं एक वाद्य बनवलं होतं, सेलेस्टाफोन. दुपारी इव्हान्स्टनला जाऊन विद्यापीठाच्या आवारात चक्कर मारली. मेपलची झाडं लालभडक झाली होती.

रविवार

पाऊस. डेव्हॉन अव्हेन्यूला जाऊन मेथी, कढीपत्ता आणि श्रीखंड आणलं. बाकी दिवसभर दादाच्या टेबलावर बसून उद्या काय काय तपासायचं त्याची यादी केली.

सोमवार

पहाटे निघालो. गॅरीचे पोलादाचे कारखाने डाव्या हाताला टाकत इंडियाना टोल रोडने पूर्वेकडे. शिकागोपासून अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पण एल्कहार्ट एक तास पुढच्या वेळेत आहे, तेव्हा भेटीची वेळ ठरवताना ते लक्षात ठेवावं. गावाच्या पुढे रस्त्याच्या कडेने आमिश लोकांच्या घोडागाड्या दिसू लागल्या.

एल्कहार्ट हे एकेकाळी अमेरिकेतलं वाद्यांचं गाव. कॉनचा पितळी वाद्यांचा कारखाना इथला, त्याच कंपनीने १९२९मध्ये लीडी घेतली आणि इंडियानापोलिसहून इथे हलवली. मसर यांच्या कंपनीचं नावही पुढे लुडविग या ड्रमच्या कंपनीच्या वाटेने इथल्याच कंपनीकडे आलं. त्यामुळे पट्ट्या दुरुस्त करणारे हात या भागात अजून आहेत. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांची कार्यशाळा म्हणजे घरामागचं मोठं पत्र्याचं गॅरेज, आत भुशाचा गोडसर वास. तो रोझवूडचाच.

झायलोफोन मध्यभागी उभा करून ठेवला होता. मॉडेल आर्टिस्ट्स स्पेशल, साडेतीन सप्तकं, ४४ पट्ट्या. लाकूड होंडुरन रोझवूड. डीगन त्याला नागाएड म्हणत, स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटी लावून. वनस्पतिशास्त्रात ते डाल्बर्जिया, म्हणजे आपल्या शिसवीच्याच प्रजातीतलं.

मी सगळ्यात खालची पट्टी दोरीवरून उतरवली आणि खिडकीपाशी नेली. ए-४४०चा ठसा होता, थोडा पुसट पण स्पष्ट. वरचा भाग गडद तपकिरी, मधोमध मॅलेट पडून पडून किंचित फिकट झालेला. उलटी केली. पोटाकडून लाकूड कमानीसारखं कोरलेलं, आणि त्या कमानीत जुन्या हत्यारांच्या खुणा जशाच्या तशा. मी ज्यासाठी आले होते ते हेच. मधलं लाकूड काढलं की सूर उतरतो, टोकाकडचं काढलं की चढतो. एकदा काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. पॉलिशपेपर मारून नवंकोरं केलेलं वाद्य दिसायला सुंदर असतं, पण प्रत्येक पट्टीतून थोडंथोडं लाकूड गेलेलं असतं आणि सूर बिनसलेला असतो. कारागिरांनी कपाटातून तसाच एक संच काढून दाखवला. कुठल्याशा जुन्या मालकाने त्यावर जाड चकचकीत थर चढवला होता. वाजवून पाहिला तर आवाज कोंडलेला, दाणा नाही.

मग त्यांनी आमच्या पट्टीवर मीठ भुरभुरवलं आणि तिला स्पंजवर ठेवून मधोमध हलक्या मॅलेटने टपटप मारत राहिले. मिठाचे कण उड्या मारत सरकू लागले आणि थोड्या वेळात दोन आडव्या रेघांत गोळा झाले, दोन्ही टोकांपासून साधारण २२ टक्के अंतरावर. पट्टी थरथरते तेव्हा या दोनच जागा स्थिर असतात, म्हणून दोरीची भोकं तिथेच पाडतात. आमच्या पट्टीची भोकं त्या रेघांवर बरोबर बसली होती. भोक चुकलं की दोरीच पट्टीचा आवाज खाते.

सगळ्या पट्ट्या एकेक करून ऐकल्या. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात डीगनने पट्टीच्या मूळ सुराबरोबर तिच्यातला बारावा सूरही, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, जुळवायला सुरुवात केली. हा संच त्याआधीचा. काही वादकांना हे कमी वाटतं. मला तो कोरडा, टणक आवाज हवा होता, कारण आम्हाला जॉर्ज हॅमिल्टन ग्रीनच्या रॅगटाइम रचना वाजवायच्या आहेत. १९२०च्या दशकात अमेरिकेत झायलोफोनचं वेड होतं आणि ग्रीन त्यातले सगळ्यात मोठे. नंतर वेड ओसरलं, १९४६मध्ये त्यांनी संगीत सोडलं आणि चित्रकलेकडे वळले. १९७०च्या दशकात कॅनडातल्या नेक्सस या गटाने त्या रचना पुन्हा मंचावर आणल्या, तेव्हा कुठे अशा जुन्या वाद्यांना परत मागणी आली.

दोन नळ्यांना पोचे होते. खालून बंद असलेल्या नळीची लांबी सुराच्या तरंगाच्या चौथ्या भागाइतकी लागते, ४४०साठी साधारण साडेएकोणीस सेंटिमीटर. पोच्याने आतली हवा कमी झाली की नळी पट्टीला साथ देत नाही. कारागिरांनी आतून लाकडी ठोकळा घालून, बाहेरून हळूहळू ठोकत पोचे काढून दिले. मग मी वाजवायला उभी राहिले. आधी नुसत्या सप्तकांच्या उड्या, मग रोल, मग एक रॅग पूर्ण लयीत. वरच्या सप्तकातसुद्धा प्रत्येक दाणा सुटा, एकही पट्टी दुसरीच्या अंगावर येत नव्हती. दादा दाराशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, “घे. विचार करू नकोस.” विचार आधीच झाला होता. पैसे तिथेच दिले.

मंगळवार

कागदपत्रांचा दिवस. २०१७पासून डाल्बर्जियाच्या जवळजवळ सगळ्या जातींवर साइट्स या धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्बंध आले आणि रोझवूडची वाद्यं सीमेपार नेणं अवघड झालं होतं. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार सुट्या भागांना त्यातून सूट मिळाली. तरीही लाकडाचं शास्त्रीय नाव, वाद्याचं अंदाजे वय, पावती आणि फोटो असं सगळं एका फाइलीत ठेवावं. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी दोन्ही देशांचे ताजे नियम बघून घ्यावेत.

फ्रेम आणि नळ्या लाकडी खोक्यातून जहाजाने येतील. पट्ट्या मी माझ्याबरोबर नेते आहे. ४४ पट्ट्यांचं वजन मिळून नऊ किलोच्या आसपास भरलं. प्रत्येकीच्या पोटावर पेन्सिलीने क्रमांक आधीच आहेत, ते पुसू दिले नाहीत. वहिनींनी जुन्या सुती ओढण्या फाडून दिल्या. एकेक पट्टी गुंडाळत, खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत क्रमाने, मधल्या कप्प्यात रचली. दोरी जुनी होती ती टाकली, नवीन पुण्यात ओवता येईल. तिथे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि सूर किंचित उतरतो, म्हणून तालमीच्या खोलीत डीह्युमिडिफायर लावायला सांगून ठेवलंय. डिसेंबरपर्यंत फ्रेम पोचली तर जानेवारीत ग्रीनच्या दोन रॅग बसवता येतील. तोवर पट्ट्या फोमच्या दोन लांब तुकड्यांवर मांडून सराव सुरू करायचा, नळ्या नसल्या तरी हात तयार होईल.